शिकाऊ उमेदवार आणि रेणूंचे गणित : पुणे-मुळशी परिसरातील संगणकीय रसायनशास्त्राचे शिक्षण

१

विद्यापीठातील अध्ययन आणि प्रत्यक्ष व्यवसाय ह्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून शिक्षणक्षेत्रात वारंवार चर्चिला गेला आहे. त्यावर सुचविण्यात आलेल्या उपायांपैकी एक म्हणजे विद्यार्थ्याने पदवीच्या काळातच काही महिने विद्यापीठात व काही महिने कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत घालवावे आणि ह्या दोन्ही ठिकाणच्या कामाची मोजदाद पदवीसाठी व्हावी, ही योजना होय. पाश्चात्त्य देशांत तिला ‘को-ऑपरेटिव्ह’ शिक्षणपद्धती असे नाव आहे. संगणकीय रसायनशास्त्र हा विषय ह्या पद्धतीने शिकविता येईल काय, व पुणे आणि त्याच्या पश्चिमेस लागून असलेला मुळशी तालुका ह्या परिसराचा पूर्वेतिहास त्याविषयी काय सांगतो, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. मराठीत ‘सहकारी’ हा शब्द उच्चारताच पतपेढी, दूधसंघ आणि साखर कारखाना डोळ्यांपुढे येतात. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने लोणी येथे जी चळवळ उभी राहिली, तिने ह्या शब्दाला महाराष्ट्रात एक निश्चित अर्थ दिला. त्यामुळे ‘सहकारी पदवी’ असा शब्दशः अनुवाद केल्यास सभासदांच्या भांडवलावर चालणाऱ्या संस्थेची पदवी असा भलताच बोध होण्याचा संभव आहे.

मूळ कल्पनेला जवळचा असा शब्द मराठीत फार पूर्वीपासून रूढ आहे. तो म्हणजे ‘उमेदवारी’. फारसीतून आलेल्या ‘उमेदवार’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. एकोणिसाव्या शतकात कचेरीत पुढेमागे नेमणूक होईल ह्या आशेने विनावेतन किंवा अल्प मोबदल्यावर राबणारा तरुण हा उमेदवार होता. आज निवडणुकीस उभा राहणाराही उमेदवारच. पण ‘शिकाऊ उमेदवार’ ह्या शासकीय संज्ञेत जुना अर्थ टिकून आहे. ह्या शब्दाच्या इतिहासात एक सामाजिक सत्य साठविले आहे. उमेदवार काम देतो ते आज, आणि त्याचे फळ मिळण्याची आशा असते ती उद्याची. ह्या दोहोंमधील अंतर कोण भरून काढतो, हा उमेदवारीच्या प्रत्येक पद्धतीपुढील खरा प्रश्न होय.

२

को-ऑपरेटिव्ह पद्धतीचा प्रवर्तक म्हणून हर्मन श्नायडर ह्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू केली. एक आठवडा वर्गात व एक आठवडा कारखान्यात, असा तिचा आरंभीचा क्रम होता. श्नायडर ह्यांच्या युक्तिवादात अर्थशास्त्रही होते. महागडी यंत्रे विद्यापीठाने विकत घेऊन ठेवावयाची व ती काही वर्षांत जुनी व्हावयाची, ह्यापेक्षा यंत्रे जेथे आहेत तेथेच विद्यार्थ्याने जावे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचा तर १९५७ सालचा प्रारंभच ह्या तत्त्वावर झाला.

भारतात ही कल्पना अगदी परकी होती असे नाही. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढला, तो वस्त्रोद्योग आणि रासायनिक उद्योग ह्यांच्याशी निकटचे नाते ठेवूनच. पिलानी येथील बिर्ला संस्थेने १९७३ पासून विद्यार्थ्यांना उद्योगसंस्थांत पाठविण्याची ‘प्रॅक्टिस स्कूल’ योजना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून राबविली. विधीच्या क्षेत्रात १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा महत्त्वाचा टप्पा होय. प्रारंभी त्याचा रोख कारागिरांवर होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, आणि अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांस त्यात स्थान मिळाले ते २०१४ च्या दुरुस्तीने. याचा अर्थ असा की रसायनशास्त्राचा विज्ञान पदवीधर हा विधीच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार ठरण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पुढे २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

ह्या क्रमात एक गृहीत दडलेले दिसते. हाताने करावयाचे काम उमेदवारीने शिकता येते. बुद्धीने करावयाचे काम वर्गातच शिकले पाहिजे, हे ते गृहीत होय. संगणकीय रसायनशास्त्राचा इतिहास पाहिला असता हे गृहीत टिकत नाही.

३

एर्विन श्रोडिंगर ह्यांनी १९२६ साली आपले तरंगसमीकरण मांडले आणि पुढच्याच वर्षी हाइटलर व लंडन ह्यांनी ते हायड्रोजनाच्या रेणूस लावून रासायनिक बंधाची उपपत्ती दिली. रसायनशास्त्राच्या बहुतांश भागाचे मूलभूत नियम आता हाती आले असून उरलेली अडचण केवळ समीकरणांच्या क्लिष्टतेची आहे, अशा आशयाचे मत पॉल डिरॅक ह्यांनी १९२९ साली नोंदविले. पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा ह्या ‘केवळ’चा इतिहास आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ही क्लिष्टता किती मोठी असते हे एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. रेणूतील इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्यासाठी काही ठरावीक गणिती फलने घेतात. त्यांस आधारफलने म्हणू. पाण्याच्या रेणूसाठी अगदी कमीत कमी सात आधारफलने लागतात. इलेक्ट्रॉनांचे परस्परांतील प्रतिसारण काढण्यासाठी ह्या फलनांच्या जोड्यांच्या जोड्या घ्याव्या लागतात. सात फलनांच्या भिन्न जोड्या २८ आणि त्या जोड्यांच्या जोड्या ४०६. म्हणजे पाण्यासारख्या तीन अणूंच्या रेणूसाठी ४०६ समाकल काढावे लागतात. बेंझिनासाठी ३६ फलने घेतली तर हीच संख्या २,२२,१११ होते. अधिक अचूकतेसाठी फलने दुप्पट, म्हणजे ७२, केली तर ती ३४,५४,५०६ वर जाते. फलने दुप्पट झाली की काम जवळजवळ सोळापट होते.

म्हणूनच ह्या शास्त्राची वाढ गणनसाधनांच्या वाढीशी बांधली गेली. डग्लस हार्ट्री ह्यांनी १९२८ साली अणूंसाठी आपली पद्धती मांडली, तेव्हा कागद, पेन्सिल आणि हाताने फिरवावयाचे गणकयंत्र हीच साधने होती. त्यांचे निवृत्त वडील विल्यम हार्ट्री ह्यांनीही ही गणिते करण्यास हातभार लावला. १९५० साली फ्रान्सिस बॉइझ ह्यांनी समाकल सुलभ करणारी गाउसी फलने सुचविली व १९५१ साली रोटान ह्यांनी रेणूंसाठी समीकरणांस आव्यूहरूप दिले. १९६४ व १९६५ साली होहेनबर्ग, कोन व शॅम ह्यांनी इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेला दुसरा मार्ग दाखविला. १९७० साली जॉन पोपल ह्यांच्या गटाने ‘गाउसियन ७०’ हा गणनकार्यक्रम सिद्ध केला. पोपल आणि वॉल्टर कोन ह्यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

‘गाउसियन ७०’ ने एक मोठा शैक्षणिक बदल घडवून आणला. त्यापूर्वी गणन करणारा स्वतःच गणनकार्यक्रम लिहीत असे. आता दुसऱ्याने लिहिलेला कार्यक्रम वापरणारा रसायनशास्त्रज्ञ निर्माण झाला. साधन सर्वांच्या हाती आले, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु साधन चालविणे आणि साधन समजणे ह्यांत फारकत पडू शकते, ही शंकाही त्याच क्षणी जन्मास आली.

४

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली व डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. ३ जानेवारी १९५० रोजी पाषाण मार्गावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ह्या दोन संस्था जवळजवळ एकाच वेळी व एकमेकींपासून काही मैलांच्या अंतरावर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामध्ये लवकरच एक व्यवस्था रूढ झाली. प्रयोगशाळेत काम करणारे तरुण संशोधक पुणे विद्यापीठाकडे नाव नोंदवून विद्यावाचस्पती पदवी घेऊ लागले. काम एका संस्थेत, पदवी दुसऱ्या संस्थेची आणि मार्गदर्शक हा प्रत्यक्ष कार्यस्थळावरचा वैज्ञानिक, अशी ही रचना होती. तिला कोणी को-ऑपरेटिव्ह म्हटले नाही. परंतु तत्त्वतः ती तीच होती. २०११ च्या अधिनियमाने ह्या परिषदेच्या प्रयोगशाळांसाठी पदवी देणारी स्वतंत्र अकादमी निर्माण झाली, तोपर्यंत कित्येक दशके हा परिपाठ चालला. येथील सैद्धांतिक रसायनशास्त्रात सौरव पाल ह्यांनी युग्मित-गुच्छ पद्धतीवर केलेले कार्य सर्वश्रुत असून २००० साली त्यांस भटनागर पारितोषिक मिळाले.

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर रामचंद्र गद्रे ह्यांच्या गटाने रेणूंच्या विद्युत्‌स्थितिक विभवाचा अभ्यास हाती घेतला. रेणूभोवतीच्या अवकाशात धनप्रभाराला कोठे ओढ व कोठे प्रतिकार जाणवेल, ह्याचा तो जणू नकाशा होय. ह्या विभवाला अणुकेंद्रांच्या जागांखेरीज अन्यत्र कोठेही महत्तम मूल्य असू शकत नाही, हा सिद्धांत राजीव पाठक व गद्रे ह्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. गद्रे ह्यांस १९९३ चे भटनागर पारितोषिक मिळाले, आणि ह्या विषयावर आर. एन. शिरसाट ह्यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ २००० साली प्रकाशित झाला.

ह्याच सुमारास पुण्यात एक वेगळी घटना घडली. अमेरिकेकडून अतिप्रगत संगणक मिळण्यात अडथळे आल्याने भारत सरकारने १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या केंद्राने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एका प्रचंड वेगवान प्रक्रियकाऐवजी ट्रान्सप्युटर नामक अनेक साध्या प्रक्रियकांनी काम वाटून घ्यावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. केंद्राचे स्थान गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारातच असल्याने रसायनशास्त्र विभाग आणि यंत्र ह्यांमधील अंतर पायी जाण्याइतकेच होते. श्नायडर ह्यांनी विद्यार्थ्याला यंत्राकडे पाठविले. येथे यंत्र विद्यार्थ्याच्या दाराशी आले.

परंतु काम वाटून घेणाऱ्या यंत्रासाठी गणितही वाटता येण्याजोगे असावे लागते. जुने गणनकार्यक्रम एकामागून एक पायऱ्या चढणारे होते. ते समांतर यंत्रावर चालविण्यासाठी मुळापासून नव्याने रचावे लागले, आणि विभागातील संशोधक-विद्यार्थ्यांनी हे काम केले. ह्याच वातावरणात १९९४ पासून रेणूंच्या ‘टेलरिंग’ची पद्धती विकसित झाली. मोठ्या रेणूचे, एकमेकांवर काही प्रमाणात पडणारे, लहान तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्याचे गणित स्वतंत्रपणे करावयाचे. मग उत्तरांची बेरीज करून जो भाग दोनदा मोजला गेला तो वजा करावयाचा, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. शिंप्याच्या कामाशी असलेले तिचे साम्य नावातच आले आहे. ३६ फलनांऐवजी ७२ घेतल्यास काम सोळापट होते, हे वर पाहिले. तेच काम ३६ फलनांच्या दोनतीन तुकड्यांत विभागले तर ते दुपटी-तिपटीच्या आसपास राहते. शिवाय तुकडे परस्परांवर अवलंबून नसल्यामुळे ते निरनिराळ्या साध्या संगणकांकडे सोपविता येतात.

ह्या पद्धतीकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्यांच्यापाशी सर्वांत मोठे यंत्र आहे, त्यांना मोठ्या गणितावर थेट आघात करता येतो. ज्यांच्यापाशी ते नाही, त्यांस गणिताचीच घडण बदलावी लागते. पुण्यातील साधनांची मर्यादा व तेथील यंत्राची विशिष्ट रचना ह्यांनी पद्धतीला आकार दिला, असा निष्कर्ष ह्यावरून निघतो. आणि हे ज्ञान वर्गात प्राप्त झाले नाही, तसेच निव्वळ यंत्रशाळेतही नाही; ज्याला तरंगसमीकरण आणि प्रक्रियक दोन्ही कळतात अशा विद्यार्थ्याच्या हातून ते घडले. उमेदवारी ही बुद्धीच्या कामासही लागू पडते, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

५

ह्या सर्व घडामोडींत मुळशीचे स्थान कोणते? तालुक्याचा आधुनिक इतिहास धरणापासून सुरू होतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्याची योजना आखली, आणि सुमारे पन्नास गावांची आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे बुडणार असे दिसू लागले. १९२१ साली सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. १९२४ पर्यंत तो चालला आणि अयशस्वी ठरला. पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. जमीन मुळशीची, पाणी मुळशीचे, उजेड मुंबईचा, असा तो हिशेब झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच तालुक्याच्या पूर्व सीमेवरील हिंजवडी, माण व मारुंजी ह्या गावांच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळाच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीसाठी गेल्या. लवळे येथे खासगी विद्यापीठांचे परिसर उभे राहिले. पुण्यातही गणनसामर्थ्य वाढत गेले. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातील संगणन-संशोधन संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक जगातील पाचशे श्रेष्ठ संगणकांच्या सूचीत चौथ्या स्थानी आला. पाषाण येथील आयसर ही संस्था २००६ साली स्थापन झाली असून तेथे २०१९ साली राष्ट्रीय महासंगणन योजनेखाली ‘परम ब्रह्म’ बसविण्यात आला.

भूगोलाच्या दृष्टीने पाहता, सैद्धांतिक रसायनशास्त्र शिकविणाऱ्या संस्था, महासंगणक आणि संगणन-उद्योग ही तिन्ही एकाच दिवसात जाऊन येण्याच्या टापूत आहेत. को-ऑपरेटिव्ह पदवीस लागणारी सामग्री येथे आहे, हे उघड आहे. परंतु मुळशीचा इतिहास एक सावधगिरीची सूचनाही देतो. सामग्री एका ठिकाणची आणि फळ दुसऱ्या ठिकाणी, असे येथे एकदा घडून गेले आहे. विद्यार्थ्याचे वर्ष ही देखील एक सामग्रीच होय. ते उद्योगाच्या हाती सोपविताना त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या पदरी काय पडेल, हे आधीच ठरलेले असावे लागते. सत्याग्रहाच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध विकासविरोधाचा नव्हे. देणाऱ्याचा वाटा देण्याच्या वेळीच निश्चित व्हावा, हा आहे.

६

आता अशा अभ्यासक्रमाच्या घडणीविषयी काही निष्कर्ष मांडता येतील.

पहिला निष्कर्ष क्रमाविषयीचा. सिद्धांत आधी आणि उमेदवारी नंतर, हा क्रम ह्या विषयात सोडता येत नाही. ह्याचे कारण संगणक कधीही उत्तर देण्यास नकार देत नाही. १९९४ पासून अत्यंत लोकप्रिय झालेल्या ‘बी-थ्री-एल-वाय-पी’ ह्या घनतापद्धतीचे उदाहरण घ्यावे. एकमेकांवर रचलेल्या दोन बेंझिन रेणूंमध्ये वस्तुतः आकर्षण असते. पण दूरच्या इलेक्ट्रॉनांच्या सहसंबंधामुळे उद्भवणारे क्षीण आकर्षण ही पद्धती मूळ स्वरूपात विचारात घेत नसल्याने ती तेथे प्रतिसारण दाखविते. यंत्र बिघडलेले नसते, कार्यक्रमात दोष नसतो, आणि तरीही उत्तर खोटे असते. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो, ह्याचा शोध घेणाऱ्या कंपनीत बसलेल्या उमेदवाराला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या गणनावर पुढील खर्चिक प्रयोग उभे राहतील व कोसळतील.

दुसरा निष्कर्ष देखरेखीविषयीचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ ह्यांमधील जुनी व्यवस्था टिकली, ती कार्यस्थळावरील मार्गदर्शक स्वतः संशोधक होता म्हणून. उद्योगातील अधिकाऱ्याकडे उमेदवाराला शिकविण्यासाठी वेळ व योग्यता असेलच असे नाही. तेव्हा विद्यापीठातील अध्यापक आणि उद्योगातील तज्ज्ञ अशा दोघांची संयुक्त जबाबदारी नियमांत लिहिलेली असणे अवश्य आहे.

तिसरा निष्कर्ष ज्ञानाच्या मालकीविषयीचा आहे व तो सर्वांत बिकट आहे. विद्यापीठातील काम प्रबंधरूपाने उघड होते. उद्योगातील काम गुप्त राहते. पाठक-गद्रे सिद्धांत किंवा टेलरिंगची पद्धती जगाने स्वीकारली, कारण ती प्रसिद्ध झाली व इतरांस पडताळून पाहता आली. उमेदवाराचे वर्षाचे काम कुलूपबंद राहणार असेल, तर परीक्षकाने ते तपासावे कसे आणि विद्यार्थ्याने पुढे ते आपले म्हणून दाखवावे कसे? विशिष्ट रेणू कंपनीचा राहो. पण त्यासाठी वापरलेली पद्धती, तिच्या मर्यादा आणि पडताळ्याची रीत हे सर्व प्रबंधात येण्याची मुभा असलीच पाहिजे. एवढी मुभा नसेल तर त्या कामाला पदवीच्या हिशेबात धरणे उचित होणार नाही.

चौथा मुद्दा भाषेचा. मुळशी, मावळ, भोर ह्या तालुक्यांतून येणारा विद्यार्थी पदवीपर्यंतचे विज्ञान अनेकदा दोन भाषांच्या सीमेवर उभा राहून शिकतो. आधारफलन, समाकल, विभव ह्या कल्पना त्याला मराठीत एकदा नीट समजल्या, तर गणनकार्यक्रमाची इंग्रजी आज्ञावली ही त्याला केवळ एक लेखनपद्धती उरते. त्या समजल्या नाहीत, तर तीच आज्ञावली मंत्रासारखी पाठ करावी लागते आणि उमेदवार हा साधन चालविणाराच राहतो. ‘गाउसियन ७०’ च्या वेळी उत्पन्न झालेली फारकत अशा रीतीने आपल्याकडे भाषेमुळे अधिक रुंद होते.

सारांश, पुणे-मुळशी परिसरात ह्या पद्धतीची पूर्वपीठिका आहे आणि तिची साधनेही आहेत. पाषाण व गणेशखिंड येथील अनुभवावरून हे दिसते की कार्यस्थळ आणि विद्यापीठ ह्यांचा खरा संयोग झाला म्हणजे विद्यार्थी नवी पद्धती निर्माण करू शकतो. मुळशीच्या धरणाचा अनुभव हे सांगतो की वाटा ठरविल्यावाचून दिलेली सामग्री परत मिळत नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्या विद्वत्सभांनी ह्या दोन्ही अनुभवांचा विचार करून सिद्धांताचा पूर्वक्रम, संयुक्त मार्गदर्शन, पद्धतीच्या प्रकाशनाचा अधिकार आणि उमेदवारास रास्त विद्यावेतन ह्या चार गोष्टी नियमबद्ध केल्या, तर शिकाऊ उमेदवार ह्या जुन्या संज्ञेतील ‘उमेद’ ह्या अंशास अर्थ राहील.